ईसीसीएस चालू झाल्यानंतर: घटनेतून शिकायचं कसं, पायरीपायरीने

अणुभट्टीच्या गाभ्याला आणीबाणीत पाणी पुरवणारी प्रणाली म्हणजे ईसीसीएस. ती वर्षानुवर्षं तयार उभी असते आणि क्वचितच खऱ्या कामाला लागते. तिच्या चाचण्या ठरल्या दिवशी होतात, पण तुकड्यातुकड्यांनी: आज हा पंप, पुढच्या आठवड्यात तो व्हॉल्व. चाचणीत पंप बहुधा टाकीतलं पाणी किमान प्रवाहाच्या बारीक पाइपातून फिरवून परत टाकीतच सोडतो. इंधन बदलण्याच्या शटडाउनमध्ये सगळी साखळी एकत्र तपासतात खरी, पण तेव्हा भट्टी थंड असते आणि आत दाब नसतो. गरम, दाबाखालच्या भट्टीवर सिग्नल येणं, पंप सुरू होणं, व्हॉल्व उघडणं आणि पाणी आत शिरणं, हे सगळं एका दमात फक्त खऱ्या घटनेत घडतं.

म्हणजे अशी प्रत्येक घटना ही एरवी करता न येणारी चाचणी असते. तिचे निकाल मात्र कुणी आयते हातात देत नाही. ते गोळा करावे लागतात, आणि त्यांतले बरेचसे पहिल्या दिवसातच पुसले जातात. ‘प्रणालीने अपेक्षेप्रमाणे काम केलं’ हे वाक्य पहिल्याच दिवशी लिहिलं की चौकशी तिथेच आटोपते. खालची पद्धत ते वाक्य शक्य तितकं लांबणीवर टाकण्यासाठी आहे.

‘चालू झाली’ म्हणजे नेमकं काय

अहवालात हा शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात, आणि पुढचा बराच गोंधळ तिथून सुरू होतो. तीन गोष्टी वेगळ्या धरा: सिग्नल आला, यंत्रं सुरू झाली, पाणी भट्टीत गेलं. दाबयुक्त पाण्याच्या भट्टीत नेहमीचा दाब १५५ बारच्या आसपास असतो, आणि बहुतेक रचनांत दाब ११० ते १३० बारपर्यंत उतरला की इंजेक्शनचा, म्हणजे पाणी आत ढकलायचा, सिग्नल येतो. पण सिग्नल आला म्हणून पाणी गेलंच असं नाही. काही केंद्रांत उच्चदाब पंप १७० बारवरही पाणी ढकलू शकतात, त्यामुळे इंजेक्शन लगेच सुरू होतं. काही केंद्रांत पंपाची कमाल ताकद १०० बारच्या जवळपास संपते. तिथे पंप फिरत राहतात आणि भट्टीत थेंबही जात नाही. नायट्रोजनने दाबलेल्या पाण्याच्या टाक्या, म्हणजे संचयक, बहुधा ४० ते ४५ बारला आपोआप रिकामे होऊ लागतात, त्यांना सिग्नल लागतच नाही. कँडू-६ या जडपाण्याच्या भट्टीत प्राथमिक दाब (इंधनावरून फिरणाऱ्या पाण्याचा) ५.५ मेगापास्कलखाली जाणं एवढं पुरत नाही. इमारतीतला वाढलेला दाब किंवा मंदायकाची (न्यूट्रॉनचा वेग कमी करणाऱ्या जडपाण्याची) वाढलेली पातळी असा दुसरा साक्षीदारही लागतो. आपल्या केंद्रातली ही साखळी आधी कागदावर काढा आणि घटना कोणत्या पायरीपर्यंत गेली ते त्यावर खूण करून दाखवा.

दुसरा प्रश्न: सिग्नल खरा होता की खोटा? खरा म्हणजे ज्या स्थितीसाठी तो बसवला आहे ती स्थिती प्रत्यक्षात आली होती. अमेरिकेच्या नियमांत या भेदाला वजन आहे. खऱ्या सिग्नलवर भट्टीत पाणी गेलं, किंवा जायला हवं होतं, तर ४ तासांत कळवावं लागतं आणि लेखी अहवाल ६० दिवसांत द्यावा लागतो. त्यातलं ‘जायला हवं होतं’ लक्षात ठेवा. सिग्नल यायला हवा होता आणि आला नाही, ही घटना खोट्या सिग्नलपेक्षा कितीतरी गंभीर असते, आणि नोंदींच्या ढिगाऱ्यात तीच सहज हरवते.

खरा आणि खोटा, दोन्ही सिग्नल एकाच दिवशी येऊ शकतात. ७ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेतल्या सेलम-१ मध्ये नदीतल्या गवताने थंड पाण्याच्या जाळ्या तुंबल्या. ऑपरेटर घाईने शक्ती उतरवत असताना भट्टी वाजवीपेक्षा थंड झाली आणि ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. टर्बाइनचे व्हॉल्व मिटताच वाफेच्या पाइपांत दाबाची लाट उठली, आणि वाफेचा प्रवाह क्षणभर जास्त असल्याचा आभास झाला. तेवढ्यावर इंजेक्शनचा सिग्नल आला, पण तो इतका अल्पजीवी होता की दोनपैकी एकाच ट्रेनच्या (एकमेकींपासून स्वतंत्र असलेल्या यंत्रसाखळ्यांपैकी एकीच्या) लॉजिकने तो पकडला. दुसऱ्या ट्रेनची यंत्रं हाताने जागेवर आणावी लागली. त्या वेळात प्रेशरायझर (भट्टीतला दाब राखणारी, खाली पाणी आणि वर वाफ असलेली टाकी) पाण्याने काठोकाठ भरला आणि जादा दाब सोडणारे रिलीफ व्हॉल्व पुन्हा पुन्हा उघडत राहिले. पुढे वाफेच्या बाजूचा सेफ्टी व्हॉल्व उघडला, दाब घसरला आणि दुसरा सिग्नल आला, तो मात्र अगदी खरा. ‘खोटा सिग्नल’ असा शिक्का मारून हे प्रकरण बंद केलं असतं तर त्यातला सगळा धडा वाया गेला असता.

पहिले काही तास: आधी गोळा करा, मग समजून घ्या

भट्टी सुरक्षित आणि स्थिर होईपर्यंत चौकशीचं नावही काढू नका, ऑपरेटरला प्रश्न विचारू नका. स्थिर झाल्याचं शिफ्ट इंचार्जने जाहीर केलं की या क्रमाने जा:

१. रीसेट करण्याआधी पॅनेलचे फोटो घ्या. रिलेचे पडलेले फ्लॅग, लॉजिक कार्डावरचे दिवे, बायस्टेबलची (मर्यादा ओलांडली की पलटणाऱ्या स्विचांची) स्थिती, डिझेलच्या स्थानिक पॅनेलवरच्या सूचना. एकदा रीसेट झालं की यातलं बरंच काही कायमचं जातं. सिग्नल कुठल्या चॅनेलने दिला हे सांगणारा तोच एकमेव पुरावा असू शकतो.

२. घटनाक्रम नोंदणाऱ्या संगणकाची पूर्ण फाइल वेगळी साठवा. ती मिलिसेकंदात नोंदते, पण तिची स्मृती मर्यादित असते आणि नव्या नोंदी जुन्यांवर चढतात. छापील अलार्म यादीवर विसंबू नका. थ्री माइल आयलंडच्या अपघातात अलार्मचा प्रिंटर तासाभरापेक्षा जास्त मागे पडला होता, म्हणजे कागदावर जे उमटत होतं ते केव्हाच होऊन गेलेलं होतं.

३. प्रत्येक नोंदयंत्राचं घड्याळ एका प्रमाण घड्याळाशी ताडून फरक लिहून ठेवा: प्लांट संगणक, डिझेलचा रेकॉर्डर, स्विचयार्डचा रेकॉर्डर, कंट्रोल रूममधलं भिंतीवरचं घड्याळ, फोनची नोंद. हे त्याच दिवशी करा. आठवड्यानंतर कुणीतरी घड्याळ ‘दुरुस्त’ केलेलं असतं.

४. प्राथमिक पाणी, प्रेशरायझर, स्टीम जनरेटर (भट्टीच्या उष्णतेवर वाफ बनवणारं पात्र), इंजेक्शनची टाकी आणि सम्प (इमारतीच्या तळाशी सांडलेलं पाणी साठतं तो खड्डा) यांचे नमुने घ्या. प्रत्येक बाटलीवर मिनिटापर्यंत वेळ लिहा.

५. शिफ्टमधल्या प्रत्येकाकडून एकेकट्याने, आपापसात चर्चा होण्याआधी, एक पानभर लिहून घ्या. प्रश्न दोनच: काय दिसलं, आणि त्यावरून काय वाटलं. ‘का नाही केलं’ असं विचारलं की समोरचा बचाव मांडू लागतो आणि माहिती आटते. हे कागद शिस्तभंगाच्या कारवाईत वापरले जाणार नाहीत, हे व्यवस्थापनाने आधीच लेखी दिलेलं असावं. नाहीतर दुसऱ्या घटनेपासून कोरे कागद येतील.

पाण्याचा हिशेब

किती पाणी आत गेलं? उत्तर प्रवाहमापकावरून झटकन मिळतं, म्हणून तिथेच थांबण्याचा मोह होतो. थांबू नका. हिशेब कमीत कमी तीन वाटांनी करा, कारण प्रत्येक वाटेची चूक वेगळी असते.

समजा, टाकीचा आतला व्यास १२ मीटर आहे. म्हणजे क्षेत्रफळ ११३ चौरस मीटर. पातळी १८ सेंटिमीटर उतरली, तर टाकीतून गेलं सुमारे २०.४ घनमीटर. प्रवाहमापकाच्या आलेखाची बेरीज मात्र २६ घनमीटर येते. मधले साडेपाच घनमीटर कुठे गेले? पहिला संशयित म्हणजे मापकाची जागा. मापक किमान प्रवाहाच्या फाट्याआधी असेल तर टाकीत परत फिरलेलं पाणीही तो मोजतो. दुसरा संशयित म्हणजे पातळीमापक. त्याचा पल्ला १२ मीटर आणि अचूकता १ टक्का असेल तर चूक ±१२ सेंटिमीटर, म्हणजे ±१३.६ घनमीटर. म्हणजे साडेपाचचा फरक मोजमापाच्या धुक्यातच हरवतो, आणि या दोन आकड्यांवरून ‘हिशेब जुळला’ किंवा ‘जुळला नाही’ असं काहीच म्हणता येत नाही.

तिसरी वाट बोरॉनची, म्हणजे न्यूट्रॉन शोषायला पाण्यात विरघळवलेल्या द्रव्याची. प्राथमिक पाणी २५० टन, त्यातलं बोरॉन आधी ८०० पीपीएम, टाकीतलं २,४०० आणि घटनेनंतर भट्टीतलं ९३० असं धरा. पाणी आत गेलं आणि बाहेर काहीच गेलं नाही, तर आत गेलेलं पाणी = २५० × (९३० − ८००) ÷ (२,४०० − ९३०), म्हणजे सुमारे २२ टन. आत येत असतानाच तेवढंच बाहेरही जात असेल, तर लॉगरिदमचं सूत्र लावून उत्तर २१ टनांच्या थोडं वर येतं. दोन्ही उत्तरं जवळ आहेत, म्हणजे २६ च्या आकड्यात परत फिरलेलं पाणी मिसळलं असण्याची शक्यता वाढली. फक्त प्रेशरायझरमधलं पाणी उरलेल्या पाण्यात लवकर मिसळत नाही. तिथला नमुना वेगळा घेतला नसेल तर हे गणित फसवं ठरतं. थंड झाल्यामुळे आकसलेलं पाणी हिशेबात धरायलाही लोक विसरतात, आणि मग गळती नसताना गळती ‘सापडते’.

जडपाण्याच्या भट्टीत हा हिशेब पैशांचाही असतो. ईसीसीएसचं साधं पाणी जडपाण्यात मिसळलं की त्याची समस्थानिक शुद्धता उतरते आणि ती पुन्हा चढवायला ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यांत फिरवावं लागतं. शुद्धतेतली घट हाच तिथे आत गेलेल्या पाण्याचा सर्वात भरवशाचा पुरावा.

अपेक्षित आणि प्रत्यक्ष: प्रत्येक यंत्राची ओळ

आता एक तक्ता मांडा. डावीकडे सिग्नलवर हलायला हवं होतं असं प्रत्येक यंत्र, मग अपेक्षित वेळ, प्रत्यक्ष वेळ, फरक आणि फरकाचं कारण. अपेक्षित वेळ सुरक्षा विश्लेषणातून घ्या, मागच्या चाचणीतून नको. डिझेलला वेग आणि व्होल्टेज गाठायला साधारण १० सेकंद दिलेले असतात. त्यानंतर सीक्वेन्सर हे यंत्र पंपांसारखा एकेक भार ठरल्या टप्प्याने त्यावर चढवतं. व्हॉल्व उघडायला लागलेला वेळ चाचणीपेक्षा २ सेकंदांनी जास्त निघाला आणि तरीही मर्यादेत बसला, तर ती ओळ हिरवी रंगवून सोडू नका. चाचणीत त्या व्हॉल्ववर दाबाचा फरक नव्हता, घटनेत होता. मोटर किती ताणली गेली, हे शोधायची संधी दुसऱ्यांदा मिळणार नाही.

पंपासाठी प्रवाह आणि दाब यांची जोडी पंपाच्या वक्रावर (कोणत्या दाबाला किती प्रवाह, हे दाखवणाऱ्या आलेखावर) मांडा. बिंदू वक्राच्या खाली पडला तर झीज, हवा किंवा मापकाची चूक. दोन समांतर पंपांची किमान प्रवाहाची पाइप सामायिक असेल तर जास्त लक्ष द्या. थोडा ताकदवान पंप दुसऱ्याचा चेक व्हॉल्व (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) दाबून बंद ठेवतो, आणि कमजोर पंप बंद तोंडाने फिरत राहून तापतो. एकेकट्याच्या चाचणीत दोघंही पास होतात. दोघं एकत्र, भट्टीच्या उंच दाबासमोर चालले तरच हे उघडं पडतं.

हवेचं प्रकरण वेगळ्या ओळीत घ्या. पाइपाच्या उंच कोपऱ्यात अडकलेली हवा पंपात गेली की प्रवाह कोसळतो. पंपाच्या बाहेरच्या बाजूला असेल तर पाण्याचा हातोडा बसतो, म्हणजे पाण्याच्या अचानक धक्क्याने पाइप हादरतो. २००४ मध्ये अमेरिकेतल्या पालो व्हर्डे केंद्रात असं आढळलं की सम्पपासून पंपांकडे जाणाऱ्या पाइपाचा एक भाग तिन्ही युनिटांत अनेक वर्षं पाण्याने भरलेलाच नव्हता. तो भाग चाचणीच्या वाटेवर येतच नव्हता, म्हणून प्रत्येक चाचणी पास. २००८ मध्ये अमेरिकी नियामकाने सगळ्याच केंद्रांना अशा पाइपांतल्या वायूचा हिशेब मागितला. तुमच्या घटनेनंतर पाइपाच्या वाटेने स्वतः चालत जा: सरकलेले आधार, वाकलेले स्नबर (पाइपाचे झटके शोषणारे आधार), चेपलेलं इन्सुलेशन, भिंतीत शिरणाऱ्या पाइपाभोवतीचा तडकलेला रंग. मग उंच कोपऱ्यांवर अल्ट्रासॉनिक लावून हवा मोजा. व्हेंट उघडून ‘पाणी आलं, ठीक आहे’ म्हणण्यापेक्षा आधी मोजलेलं बरं. व्हेंट उघडला की पुरावा हवेतच विरतो.

इमारतीतला फवाराही चालू झाला असेल किंवा रिलीफ व्हॉल्वची वाफ इन्सुलेशनवर आदळली असेल, तर पंपांच्या तोंडाशी असलेल्या गाळण्यांकडे वळा. २८ जुलै १९९२ रोजी स्वीडनच्या बारसेबेक-२ मध्ये भट्टी सुरू होत असताना एका सेफ्टी व्हॉल्वची वाफ थेट आतल्या जागेत सुटली. झोताने सुमारे २०० किलो खनिज लोकर उखडली. तिचा मोठा हिस्सा खालच्या पाण्यात पोहोचला आणि पाचपैकी दोन गाळण्या तासाभरात तुंबल्या. रचनेच्या हिशेबात तुंबण्याआधी कितीतरी जास्त वेळ धरलेला होता. गाभ्याला काही झालं नाही, म्हणून ही किरकोळ घटना म्हणता आली असती. तसं झालं नाही, आणि पुढच्या दोन दशकांत अनेक देशांतल्या केंद्रांनी मोठ्या गाळण्या बसवल्या. इथे मोलाचा ठरला तो एकच प्रश्न: आपण गृहीत धरलेला कोणता आकडा खोटा ठरला? तुमच्या तक्त्यात या प्रश्नासाठी एक स्तंभ राखून ठेवा.

थांबवलं केव्हा, आणि कशाच्या आधारावर

पाणी सुरू होण्याचं काम यंत्राचं, थांबवण्याचं माणसाचं. त्यामुळे शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच मिळतं.

२८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंड-२ मध्ये उच्चदाब इंजेक्शन सुमारे २ मिनिटांत आपोआप सुरू झालं. रिलीफ व्हॉल्व उघडाच अडकला होता आणि पाणी तिथून निसटत होतं, पण प्रेशरायझरची पातळी मात्र चढत होती. प्रेशरायझर पूर्ण भरू द्यायचा नाही, हे ऑपरेटरांच्या मनावर प्रशिक्षणात ठसवलेलं होतं. त्यांनी ५ मिनिटांच्या आत इंजेक्शन जवळपास बंद केलं. रिलीफ व्हॉल्वची वाट अडवणारा व्हॉल्व मिटला तो २ तास २२ मिनिटांनी. पातळी वर आणि दाब खाली, ही जोडी ‘पाणी भरपूर आहे’ असं सांगत नव्हती. पाणी भट्टीत उकळत होतं आणि वाफ त्याला वर ढकलत होती.

उलटी चूक २५ जानेवारी १९८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या गिना केंद्रात दिसली. स्टीम जनरेटरमध्ये राहून गेलेल्या धातूच्या तुकड्याने घासून एक नळी फुटली. इंजेक्शन सुरू झालं, पण भट्टीच्या माथ्यावर वाफेचा बुडबुडा असल्याच्या भीतीने ते थांबवायला उशीर झाला. स्टीम जनरेटर पाण्याने भरत गेला आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व बाहेरच्या हवेत उघडला. थ्री माइल आयलंडचा धडा इतका पक्का बसला होता की गिनामध्ये तोच जड झाला, असं म्हणायला जागा आहे.

म्हणून थांबवण्याच्या क्षणाचा स्वतंत्र आलेख काढा. त्यात पाणी उकळण्यापासून किती अंश दूर होतं, दाब स्थिर किंवा चढता होता का, किमान एका स्टीम जनरेटरकडून उष्णता जात होती का आणि प्रेशरायझरची पातळी किती होती, या चारही रेषा एकाच वेळेच्या अक्षावर मांडा. सगळ्या अटी पुऱ्या झाल्याचा क्षण आणि प्रत्यक्ष थांबवण्याचा क्षण यांतलं अंतर मिनिटांत लिहा. अंतर ऋण असेल तर लवकर थांबवलं. धन आणि मोठं असेल तर कुठली सूचना, कुठला मापक किंवा कुणाचा फोन आडवा आला ते शोधा. मग तोच प्रसंग दुसऱ्या शिफ्टला, निकाल न सांगता, सिम्युलेटरवर द्या. तेही तिथेच अडखळले तर प्रश्न माणसाचा नव्हता.

कारणाच्या मागचं कारण

‘कार्ड बिघडलं, बदललं’ ही दुरुस्ती झाली, चौकशी नव्हे. १७ एप्रिल २००५ रोजी मिलस्टोन-३ मध्ये लॉजिक कार्डावर कथलाचा केसासारखा बारीक तंतू वाढून शॉर्ट झाला आणि खोटा इंजेक्शन सिग्नल आला. शुद्ध कथलाचा मुलामा असलेल्या भागांवर असे तंतू आपोआप उगवतात. मग तशाच मुलाम्याची कार्डं आणखी कुठे आहेत, हा पहिला प्रश्न. असे मुलामे खरेदीच्या कागदपत्रांतून निसटले कसे, हा दुसरा. पहिल्याने बिघाडाचा पसारा कळतो, दुसऱ्याने कारणाचा. दोन्ही शोध वेगळे चालवा, नाहीतर दुसरा पहिल्यात विरघळतो.

लहान कारणाला हसू नका. २० मार्च १९७८ रोजी रँचो सेको केंद्रात बदलायचा छोटा दिवा पॅनेलमध्ये पडला, शॉर्ट झाला आणि बरीच मापकं एकदम खोटं बोलू लागली. त्या गोंधळात भट्टी तासाभरात सुमारे १४० अंश सेल्सिअसपर्यंत थंड झाली, आणि इंजेक्शनने दाब मात्र वर चढवला. थंड भांडं आणि उंच दाब ही जोडी भट्टीच्या पोलादाला घातक असते. दाबाखालच्या औष्णिक धक्क्याचा प्रश्न ऐरणीवर आणणाऱ्या घटनांत ही मोजली जाते.

जे वाचलं तेही तपासा. २५ जुलै २००६ रोजी फोर्समार्क-१ मध्ये स्विचयार्डमधल्या शॉर्टमुळे व्होल्टेज उसळलं. वीज अखंड ठेवणाऱ्या चारपैकी दोन यूपीएस बंद पडले, त्यामुळे दोन डिझेल आपल्या बसला (वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीला) जोडले गेले नाहीत. उरलेल्या दोन ट्रेननी भागलं. पण चारही यूपीएस एकाच बनावटीचे होते. ‘दोन वाचले’ हे यश मानायचं की ‘दोन का वाचले’ हे विचारायचं? त्या दोघांच्या सेटिंगमधलं अंतर किती शिल्लक होतं, ते मोजा.

जपानच्या मिहामा-२ मध्ये ९ फेब्रुवारी १९९१ रोजी स्टीम जनरेटरची नळी फुटली. कंपन रोखणाऱ्या पट्ट्या रचनेत दाखवलेल्या खोलीपर्यंत घातलेल्या नव्हत्या. ईसीसीएस चालली, पण दाब उतरवताना प्रेशरायझरचे रिलीफ व्हॉल्व उघडेनात, कारण त्यांना हवा देणारे व्हॉल्व बंद होते. मूळ कारणाशी याचा काहीच संबंध नाही. प्रत्येक घटनेत असे आगंतुक दोष निघतात. त्यांची वेगळी यादी करा आणि तिला मूळ कारणाइतकंच वजन द्या.

नोझलची वही

खोटा असो वा खरा, प्रत्येक इंजेक्शनमध्ये सुमारे २५ अंशांचं पाणी जवळपास २९० अंशांच्या नोझलवर (पाइप भट्टीच्या यंत्रणेला जोडला जातो त्या तोंडावर) आदळतं. धातूचं आयुष्य तेवढ्याने खर्च होतं. अमेरिकी केंद्रांच्या जुन्या प्रमाण तांत्रिक अटींत यासाठी ९० दिवसांत खास अहवाल मागितलेला असे: परिस्थिती काय होती, आजवर एकूण किती वेळा इंजेक्शन झालं, आणि एखाद्या नोझलचा वापर गुणांक (धातूच्या थकव्याच्या आयुष्यातला खर्च झालेला वाटा) ०.७० च्या वर गेला असेल तर त्याचा आकडा. अट तुम्हाला लागू असो वा नसो, वही ठेवाच. ती प्रत्येक नोझलची वेगळी हवी. एकच ट्रेन चालली असेल तर सगळ्या नोझलना सारखी नोंद टाकणं चूक. पाण्याचं तापमान, भट्टीचं तापमान आणि प्रवाहाची मिनिटं लिहा, नुसती ‘१ वेळा’ अशी खूण नको. प्रवाह तीनदा थांबून पुन्हा सुरू झाला असेल तर ते तीन धक्के आहेत.

दुसऱ्या केंद्राला कळेल असं लिहा

२४ सप्टेंबर १९७७ रोजी ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात रिलीफ व्हॉल्व उघडा अडकला, पातळी चढली आणि ऑपरेटरांनी इंजेक्शन कमी केलं. भट्टी फक्त ९ टक्के शक्तीवर होती, म्हणून उरलेली उष्णता थोडी होती. सुमारे २० मिनिटांत व्हॉल्व अडवला गेला आणि काही बिघडलं नाही. रचनाकार कंपनीच्या अभियंत्यांनी लेखी इशारा दिला होता की इंजेक्शन थांबवण्याच्या सूचना बदलायला हव्यात. तो इशारा कंपनीतल्या टेबलांवर फिरत राहिला. १८ महिन्यांनी त्याच कंपनीच्या रचनेच्या भट्टीत, थ्री माइल आयलंडला, तोच प्रसंग जवळपास पूर्ण शक्तीवर घडला. अनुभवांची देवाणघेवाण करणारी अमेरिकी केंद्रांची इन्पो ही संस्था १९७९ च्या डिसेंबरमध्ये उभी राहिली, जगभरच्या केंद्रांची वानो १९८९ मध्ये आली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि ओईसीडीची अणुऊर्जा संस्था मिळून घटनांची सामायिक नोंदपद्धती चालवतात. वाटा आहेत. अडतं ते लिहिण्यात.

पहिल्या परिच्छेदात तीनच गोष्टी द्या: कोणतं गृहीतक खोटं ठरलं, ते तुमच्याकडेही आहे का हे कसं ओळखायचं, आणि मधल्या काळात काय करावं. यंत्राचं नाव आणि मॉडेल द्या, पण यंत्रणेचं कामही साध्या शब्दांत लिहा. नाहीतर वाचणारा ‘आमच्याकडे हा मॉडेल नाही’ म्हणून पान उलटतो. बाहेरून आलेला अहवाल वाचताना तुम्हीही हीच पळवाट घेता. ‘लागू नाही’ असा शेरा मारायचा असेल तर त्याखाली एका वाक्यात कारण आणि दुसऱ्या माणसाची सही मागा.

उपाय ठरवताना प्रत्येकापुढे लिहा: हा उपाय त्या दिवशी असता, तर घटनेच्या कितव्या मिनिटाला काय वेगळं घडलं असतं? ‘सूचना पुन्हा वाचून दाखवली’ या उपायाला या प्रश्नाचं उत्तर बहुधा देता येत नाही. इंटरलॉक, सेटपॉइंटमधला विलंब, मापकाची जागा बदलणं यांना देता येतं. उपाय पूर्ण झाल्यावर ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा पाहणी ठेवा: सिम्युलेटरवर तोच प्रसंग, न सांगता, दोन वेगळ्या शिफ्टना, उंच कोपऱ्यांवर अल्ट्रासॉनिकचं नवं मोजमाप, आणि थांबवण्याच्या क्षणाचा तोच चार रेषांचा आलेख, जुन्यावर ठेवून.